बेल-भंडारा उचलल्यावर मत कोणाचे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

धर्म आणि राजकारण एकमेकांत मिसळले की लोकशाहीला नेमका कुठे धक्का बसतो, या विषयावर गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. काही पत्रलेखकांना गावात राहायचे आहे, म्हणून कोणाचेच नाव छापलेले नाही.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या आदल्या रात्री एका पॅनेलची माणसे आमच्या घरी आली आणि त्यांनी माझ्या सत्तरीच्या आईला देव्हाऱ्यासमोर बेल-भंडारा (बेलाची पाने आणि हळद) उचलून शपथ घ्यायला लावली. तिच्या मनात दुसरा उमेदवार होता, पण शपथ मोडली तर नातवंडांवर बालंट येईल या भीतीने तिने मनाविरुद्ध मत दिले. याला कायद्यात काही नाव आहे का? आणि आईला मी काय सांगू? (एक शेतकरी, सोलापूर जिल्हा)

उत्तर : कायद्यात याला नाव आहे आणि ते शंभर वर्षांहून जुने आहे. अमक्याला मत दिले नाहीस तर तुझ्यावर किंवा तुझ्या माणसांवर देवाचा कोप होईल, असे मतदाराच्या मनात भरवणे किंवा भरवण्याचा प्रयत्न करणे म्हणजे मतदानाच्या हक्कावर गैरवाजवी दडपण आणणे होय. ही तरतूद १९२० साली भारतीय दंड संहितेत आली आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्ये ती कायम आहे. तिला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत आणि ती ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलाही लागू होते. विधानसभा आणि लोकसभेसाठी लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १२३(२) हेच सांगते, आणि तेथे असा प्रकार सिद्ध झाला तर विजयी उमेदवाराची निवडही रद्द होऊ शकते. इंग्रजांच्या काळातल्या कायदेमंडळालाही पैसा आणि लाठी यांच्या जोडीला देवाची भीती हे मत हिसकावण्याचे हत्यार वाटले होते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

मी शिक्षकाच्या नोकरीत असताना अनेक निवडणुकांत मतदान अधिकारी म्हणून काम केले. एका केंद्रावर एक म्हातारी डाव्या हाताची तर्जनी पुढे करून उभी राहिली आणि शाई लावताना तिच्या नखाच्या कडेला अडकलेला पिवळा भंडारा मला दिसला. तिने हळू आवाजात विचारले, "मास्तर, बटन दाबल्यालं कुनाला कळतंय का?" मी म्हणालो, "कुणालाही कळत नाही, मावशी." ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिने कोणते बटण दाबले हे मला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचा मला अधिकारही नव्हता. पण तिचा प्रश्न माणसांपुरताच होता की देवालाही धरून होता, हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही, कारण माझे उत्तर फक्त माणसांपुरते होते.

मतदानाची गुप्तता माणसाच्या डोळ्यांपासून संरक्षण देते. शपथ घालणाऱ्याला हे पक्के माहीत असते, म्हणून तो जिथे पडदा चालत नाही असा साक्षीदार घरात आणून बसवतो. आपल्या आईचा देवावरचा विश्वास खरा आहे, आणि तिच्या खरेपणाचाच त्या माणसांनी वापर केला. शपथ घालणाऱ्याला स्वतःला त्या भंडाऱ्याची भीती असती, तर त्याने तो पॅनेलच्या कामाला लावला नसता. आईला श्रद्धा सोडायला सांगू नका. ते तिला पटणार नाही आणि तशी गरजही नाही. आपल्या परंपरेत जनाबाईने विठ्ठलाशी भांडण केले, त्याला शिव्याही घातल्या, तरी तिचा देव रुसून निघून गेला नाही. जबरदस्तीने उचलायला लावलेल्या शपथेचा भार उचलणाऱ्यावर असतो की लावणाऱ्यावर, हे आईने गावातल्या तिच्या विश्वासाच्या कीर्तनकाराला किंवा माळकऱ्याला विचारावे. माझ्यापेक्षा त्यांच्या शब्दाने तिला अधिक दिलासा मिळेल.

तक्रारीचे म्हणाल तर ती पोलिसांकडे आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे करता येते. मात्र साक्षीला घरचीच माणसे असतात आणि समोरची माणसे गावकीतली असतात, त्यामुळे अशी तक्रार करणे किती जड जाते याची मला कल्पना आहे. पुढच्या वेळी मतदानाच्या आठ-दहा दिवस आधी वस्तीतल्या बायकांनी एकत्र बसून "या घरात भंडारा घेऊन कोणी येऊ नये" असे उघड सांगितले, तर रात्री दार वाजवणाऱ्याचे निम्मे बळ तिथेच जाते.

प्रश्न : आमच्या गावात सरपंचपदाची बोली लागते. जो जास्त रक्कम देईल तो बिनविरोध सरपंच होतो आणि ते पैसे देवळाच्या जीर्णोद्धाराला जातात. गावात तंटा होत नाही, देऊळही उभे राहते. यात गैर काय आहे? (एक निवृत्त ग्रामसेवक, नाशिक विभाग)

उत्तर : आपल्या विभागातलेच उदाहरण घेऊ. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावांच्या ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या. उमराण्यात बोली दोन कोटी पाच लाखांवर गेली होती, खोंडामळीत बेचाळीस लाखांवर. दोन्हीकडे पैसा देवळासाठी असल्याचे सांगण्यात आले होते. बोलीची चित्रफीत राज्यभर फिरली, अहवाल मागवले गेले, आणि ठरलेले मतदान जवळ आले असताना आयोगाने सगळी प्रक्रियाच थांबवली.

आपण म्हणता तंटा होत नाही. बोलीच्या रात्री देवळाच्या मंडपात कोण बसलेले असते, हे आपण नोकरीत असताना नक्की पाहिले असेल. पुढच्या सतरंजीवर ऊस, कांदा, द्राक्षबागेचे मालक असतात. मजुरी करणारा माणूस कडेला उभा असतो, आणि बायका बहुतेक नसतातच. घटनेने त्या मजुराला आणि त्या बागायतदाराला एकेकच मत दिले आहे, आणि आयुष्यात बहुधा त्याच एका ठिकाणी ते दोघे बरोबरीचे असतात. बोलीने ती बरोबरी काढून घेतली जाते आणि त्याबद्दल कोणी तक्रार करू नये म्हणून रक्कम देवाच्या खात्यावर टाकली जाते. पैसा एखाद्याच्या खिशात गेला असता तर गावाने त्याला सरळ लाच म्हटले असते. देवळाला गेला की तेच शब्द तोंडातून निघत नाहीत.

यापुढचा हिशेब आपणच मला शिकवू शकाल. ज्याने लाखोंची बोली लावली तो पाच वर्षांत ती रक्कम कुठून भरून काढतो? गटाराच्या कामातून, पाणीपुरवठा योजनेच्या पाइपातून, की चौदाव्या-पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून? आणि ग्रामसभेत कोणी हिशेब मागितला तर "देवळाला पैसे दिले तेव्हा कुठे होतास?" हे उत्तर तयार असते. देऊळ बांधायचे असेल तर गावाने वर्गणी काढावी. माझ्या गावाचे देऊळ तसेच बांधलेले आहे आणि पाच रुपये देणाऱ्या विधवेचे नावही तेथील फरशीवर कोरलेले आहे.

प्रश्न : "हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे" असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. मग निवडणुकीत धर्माच्या नावाने मत मागणे कायदेशीर झाले का? आमच्या कट्ट्यावर यावरून रोज वाद होतो. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : या निकालाचा अर्धा भाग महाराष्ट्राच्या तोंडी आहे आणि उरलेला अर्धा फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ले विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. शिवसेनेच्या पाठिंब्याने डॉ. रमेश प्रभू निवडून आले आणि काँग्रेसचे पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे यांनी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका केली. याचिकेचा आधार होता बाळासाहेब ठाकरे यांनी खार-दांडा आणि विलेपार्ले येथील प्रचारसभांत केलेली भाषणे. त्यांत हिंदूंच्या रक्षणासाठी ही निवडणूक आहे, मुसलमानांच्या मतांची आम्हाला पर्वा नाही, अशा आशयाची विधाने होती. उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निवड रद्द केली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल दिला. हिंदुत्व हा शब्द उच्चारला एवढ्यावरून धर्माच्या आधारे मत मागितले असे होत नाही, तो शब्द एक जीवनपद्धतीही सूचित करू शकतो आणि तो कोणत्या संदर्भात वापरला हे पाहावे लागते, असे न्यायालयाने त्यात म्हटले. कट्ट्यावर ऐकू येते ते एवढेच. पण त्याच निकालात न्यायालयाने तीच भाषणे निवड रद्द होण्यास कारण ठरणाऱ्या 'भ्रष्ट मार्गात' मोडतात असे ठरवले आणि प्रभू यांची निवड रद्दच ठेवली. पुढे १९९९ मध्ये निवडणूक आयोगाच्या मतानुसार राष्ट्रपतींच्या आदेशाने ठाकरे यांचा मतदानाचा हक्कही डिसेंबर २००१ पर्यंत गोठवला गेला. म्हणजे ज्या निकालाचा दाखला देऊन धर्माच्या नावाने मत मागता येते असे सांगितले जाते, त्याच निकालाने धर्माच्या नावाने मत मागणाऱ्याची निवड घालवली आहे.

गोंधळाला न्यायालयाचाही हातभार आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याच दिवशी मनोहर जोशी यांच्या दादरच्या निवडणुकीच्या खटल्यात, पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल हे विधान म्हणजे केवळ आशा व्यक्त करणे आहे, ते धर्माच्या आधारे केलेले मतांचे आवाहन नाही, असे ठरले आणि त्यांची निवड कायम राहिली. सामान्य मतदाराच्या कानाला हा फरक जाणवत नाही. मला स्वतःला तो कधी पटला नाही.

२ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने अभिराम सिंग खटल्यात चार विरुद्ध तीन अशा मताधिक्याने लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम १२३(३)चा, म्हणजे धर्म, जात इत्यादींच्या आधारे मत मागण्यास मनाई करणाऱ्या तरतुदीचा, अर्थ रुंदावला. आधी प्रश्न केवळ उमेदवाराच्या किंवा त्याच्या विरोधकाच्या धर्माचा होता. आता उमेदवार, त्याचा विरोधक किंवा मतदार यांपैकी कोणाच्याही धर्म, वंश, जात, समाज वा भाषेच्या आधारे मत मागणे हा भ्रष्ट मार्ग ठरतो. हिंदुत्वाच्या जुन्या व्याख्येला मात्र या पीठाने हात लावला नाही. अल्पमतातील तीन न्यायाधीशांचा आक्षेपही विचार करण्यासारखा आहे. ज्यांच्यावर जातीमुळे अन्याय झाला त्यांनी त्या अन्यायाबद्दल निवडणुकीत बोलायचेच नाही, असा अर्थ निघता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. "आमच्या वस्तीला पाणी मिळत नाही कारण आम्ही अमक्या जातीचे आहोत" हे बोलणे आणि "तुम्ही अमक्या जातीचे, म्हणून मत मला द्या" हे बोलणे वेगळे आहे. पहिल्यात सत्तेला जाब विचारलेला असतो. दुसऱ्यात मतदाराला प्रश्न विचारण्याचे कारणच उरू नये अशी व्यवस्था केलेली असते.

कायद्याची खरी दुर्बलता त्याच्या वेगात आहे. विलेपार्ल्याच्या खटल्याला आठ वर्षे लागली. अभिराम सिंग यांची निवडणूक १९९० सालची होती आणि तीतून निघालेल्या प्रश्नाचे उत्तर २०१७ मध्ये मिळाले. शिवाय निवडणूक याचिका निकालानंतर ४५ दिवसांच्या आत, आणि तीही त्या मतदारसंघातील उमेदवाराने किंवा मतदारानेच करावी लागते. पाच वर्षांची मुदत संपल्यावर एखाद्याची निवड चुकीची ठरली तर ज्यांच्यावर त्याने राज्य केले त्यांना काय परत मिळते?

प्रश्न : बहुसंख्याकांच्या धर्माबद्दलच बोलले जाते. अल्पसंख्याकांचे धर्मगुरूही अमक्याला मत द्या म्हणून सांगतात. त्यांना वेगळा न्याय का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : कायद्यात वेगळा न्याय नाही आणि नसावा. पंजाबातील एका निवडणुकीत हा उमेदवार अकाल तख्ताच्या (शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाच्या) पसंतीचा आहे, असे सांगून मते मागितली गेली, तेव्हा १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द ठरवली होती. मशिदीतून, चर्चमधून, मठातून किंवा गुरुद्वारातून निघालेला मतादेश एकाच तराजूत तोलला पाहिजे.

तरीही तोलताना परिणामाचा फरक मनात ठेवावा लागतो. अल्पसंख्य समाजाच्या धर्मगुरूचा आदेश मुख्यतः त्याच समाजाच्या माणसाला, विशेषतः तेथील स्त्रियांना आणि तरुणांना बांधतो. त्यांचा आवाज त्या गुरूच्या खिशात जातो. बहुसंख्याकांच्या धर्माला राजकीय पक्षाचे रूप आले की त्याच्या हाती सरकार येऊ शकते, आणि मग बाहेरच्या माणसाचे नागरिकत्वच दुय्यम होते. दोन्ही रोग खरे आहेत आणि एक दुसऱ्याला खतपाणी घालतो. १९०९ साली स्वतंत्र मतदारसंघ आले आणि धर्मानुसार मतदार वेगळे केले गेले. त्याचा शेवट कुठे झाला हे पाहिलेल्या घटना परिषदेने ३ एप्रिल १९४८ रोजी ठराव केला की धर्म वा जातीवर आधारलेल्या संघटनांना धार्मिक, सांस्कृतिक, सामाजिक आणि शैक्षणिक कार्याबाहेर वाव देऊ नये. त्या ठरावाला कायद्याचे पूर्ण रूप कधीच आले नाही.

आणि धर्माने सार्वजनिक जीवनात येऊच नये, असेही मी म्हणणार नाही. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केले. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर फिरले, लोकांशी बोलले. ती धर्माच्याच भाषेतली मागणी होती, पण तिने दार उघडले आणि माणसांची संख्या वाढवली. धर्माचा आवाज कोणाला आत घेतो आणि कोणाला गप्प करतो, यावरून मी त्याची परीक्षा करतो.

प्रश्न : माझ्या बायकोने राखीव जागेवर ग्रामपंचायतीचा अर्ज भरला आणि तो मागे घेतला नाही, म्हणून आमच्या जात पंचायतीने आम्हाला वाळीत टाकले. चुलत्याच्या मयताला आम्हाला खांदा देऊ दिला नाही. आता तिने सदस्यपद सोडावे असा दबाव आहे. काय करावे? (एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : आपले पत्र मी तीनदा वाचले. मयताला खांदा न देऊ देणे ही शिक्षा ज्याने सोसली त्यालाच ती कळते.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा कायदा २०१६ साली मंजूर झाला आणि जुलै २०१७ पासून तो अमलात आहे. असा स्वतंत्र कायदा करणारे हे पहिले राज्य. तो असाच आला नाही. जात पंचायतींच्या जाचाविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून मोहीम चालवली होती, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. या कायद्याखाली बहिष्कार टाकणे, त्यासाठी बैठक घेणे, धार्मिक वा सामाजिक विधीत भाग घेऊ न देणे हे गुन्हे आहेत आणि त्यांना तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे करता येते, आणि पीडिताच्या वतीने घरचे माणूसही ती करू शकते.

आपल्या पत्नीने राजीनामा देऊ नये, असे मी मनापासून सांगतो. निम्म्या जागा स्त्रियांना राखून ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०११ मध्ये घेतला तो ती जागा जात पंचायतीच्या परवानगीने भरली जावी म्हणून नव्हे. मात्र हा धीर मी शहरात बसून देत आहे, त्याची किंमत आपण देणार आहात, याची मला जाणीव आहे. म्हणून एकट्याने ठाण्यात जाऊ नका. जिल्ह्यातील अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना सोबत घ्या. जाण्याआधी एका वहीत तारीखवार लिहून काढा: बैठक कोणत्या दिवशी, कोणाच्या अंगणात झाली, निरोप कोणी आणला, मयताच्या वेळी कोणी हात धरला, किराणा दुकानदाराने कोणत्या दिवशी माल नाकारला, लग्नाची कोणती पत्रिका आली आणि कोणती आली नाही. फोनवर आलेले संदेश पुसू नका. आणि ग्रामपंचायतीच्या मासिक सभेची नोटीस पत्नीला मिळते की नाही ते पाहा. मिळत नसेल तर गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या, आणि पुढच्या सभेला तिने वेळेवर जाऊन हजेरी पुस्तकात सही करावी.